बंद कुलूप, रिकामं कडं

१

कुलूप बंद होतं आणि जागच्या जागी होतं. नेमकी हीच गोष्ट कोणाच्या पचनी पडत नव्हती.

जिन्याखालच्या बोळात, भिंतीत सिमेंटनं पक्कं बसवलेलं एक लोखंडी कडं होतं. त्या कड्यात घोड्याच्या नालेसारखं जाडजूड कुलूप अडकवलेलं होतं. परवा संध्याकाळी त्या कुलपानं एक हिरवी इलेक्ट्रिक सायकल धरून ठेवली होती. काल सकाळी सायकल नव्हती. कुलूप मात्र तसंच होतं, मिटलेल्या मुठीसारखं घट्ट.

विमा कंपनीचे तपासनीस बोळात उकिडवे बसून त्या कुलपाकडे बघत होते. ऑफिसात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. मागे म्हणत आणि आता तोंडावरही म्हणत, कारण काकांना त्याचं वाईट वाटत नाही हे एव्हाना कळून चुकलं होतं. अर्ध्याहून जास्त आयुष्य त्यांनी तुटलेली, कापलेली, ठोकलेली कुलपं पाहण्यात घालवलं होतं. न तुटलेलं कुलूप पाहायला मात्र त्यांना आजवर कोणी बोलावलं नव्हतं.

साहेबांनी निघतानाच सांगून टाकलं होतं. आपली अट काय आहे? कुलूप सायकलच्या फ्रेममधून गेलं पाहिजे आणि न हलणाऱ्या वस्तूला लागलं पाहिजे, मग सायकल एक मिनिट का उभी करायची असेना. इथे कुलूप बंद आहे आणि सायकल नाही. म्हणजे बाईंनी घाईत कुलूप नुसतं कड्याला लावलं, सायकल बाहेरच राहिली. विसरल्या. दावा नामंजूर. त्यात बघायचं काय राहिलं?

काकांनी जमिनीवरून बोट फिरवलं. लोखंडाचा कीस कुठे नव्हता. भिंतीला टवका नव्हता, की किल्लीच्या भोकाभोवती ओरखडा नव्हता. मग त्यांनी कुलपाच्या दांडीवरचं रबरी आवरण आतल्या बाजूनं टॉर्च मारून पाहिलं आणि तिथेच थांबले. आवरणावर हिरवा रंग घासला गेला होता. जुन्या, मळक्या पट्ट्यांवर एक ताजा, ओला वाटावा असा पट्टा होता.

म्हणजे बाई विसरल्या नव्हत्या. सायकल कुलपाच्या आतच होती. आणि तरीही ती बंद कुलपातून निघून गेली होती.

वरच्या पायरीवरून कोणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "काका, तो घेऊन गेला असेल का?"

२

विचारणारी त्या घरची सून होती. इस्पितळाच्या औषधखान्यात ती औषधं मोजून द्यायची. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला, आणि तिच्या प्रश्नातला 'तो' म्हणजे तोच होता.

पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिनं काकांना बसवलं आणि चहा ठेवला. साखर घातली का, म्हणून तो चमच्यानं चाखून पाहिला, आणि क्षणभरानं पुन्हा चाखला. काकांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. सायकल नवऱ्याची. नदीच्या पुलावर, दाट धुक्यात, तो सायकल कठड्याला लावून उभा होता आणि एका ट्रकनं त्याला उडवलं. सायकलला ओरखडासुद्धा आला नाही. तो गेल्यानंतर दोन दिवस ती पुलावर तशीच कुलपात उभी होती. माणसाला पोचवून आल्यावर मग ती स्वतः दुसरी किल्ली घेऊन गेली आणि सायकल घरी आणली.

"कुलूप लावायला मीच सांगायचे," ती म्हणाली. "विम्याचा कागद मी वाचला होता ना. एक मिनिट थांबलास तरी कुलूप लाव, फ्रेममधून लाव. सारखं टुमणं लावायचे मागे. तो हसायचा आणि लावायचा. त्या दिवशी तो कुलूप लावायला वाकला होता, काका. वाकला नसता तर त्याला ट्रक दिसला असता."

काकांनी विचारलं, तो वाकलेला कोणी पाहिला? कोणी नाही, ती म्हणाली. पण या कुलपाच्या तीन किल्ल्या येतात. एक तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात, एक औषधखान्यातल्या कपाटात. तिसरी नवऱ्याजवळ असायची, ती त्याच्या कपड्यांत सापडलीच नाही. म्हणजे ती त्याच्या हातात होती आणि हातातून नदीत गेली. म्हणजे तो अजून कुलूपच लावत होता. हिशेब सरळ होता आणि तो तिनं इतक्या वेळा केला होता की तिला आता तो तोंडपाठ झाला होता.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी सायकल घेऊन पुलावर जायची. परवाही गेली होती. परत येऊन कुलूप लावलं, ओढून पाहिलं, वर आली. हे तिला लख्ख आठवत होतं.

"पण मला गॅस बंद केल्याचंही लख्ख आठवतं आणि तो चालू असतो," ती म्हणाली. "माझ्या हातावर माझाच विश्वास राहिला नाही. मी लोकांची औषधं मोजते, काका. एखादं शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जाईल. म्हणून म्हटलं, या कुलपानंच ठरू दे. मी ते लावलं नसेल तर सोमवारी राजीनामा देऊन टाकते. लिहून ठेवलाय. आईंना अजून सांगितलं नाही."

गळ्यातली किल्ली तिनं काढून दिली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. साधी, सपाट, लोखंडी. दुसरीही अशीच का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

"आणि तिसरी?"

"तिला डोक्यात छोटा दिवा असतो. अंधारात भोक दिसावं म्हणून. तीच त्याला आवडायची."

काकांनी किल्ली तिला परत दिली. रबरावरच्या हिरव्या पट्ट्याबद्दल ते तेव्हा बोलले नाहीत, कारण त्या पट्ट्यानं तिचं अर्धंच भलं होणार होतं. सायकल कुलपात होती हे खरं. मग कुलूप किल्लीनंच उघडलं गेलं हेही खरं. आणि ज्या दोन किल्ल्या या जगात उरल्या होत्या, त्या दोन्ही तिच्याच होत्या.

तिनंच तो विचार उच्चारला. "मीच तर पहाटे उठून काढली नसेल ना?"

३

दुसऱ्या मजल्यावर व्हायोलिनचे मास्तर राहत. एकटे, सुकलेले, गळ्याभोवती कायम मफलर. काकांनी दार वाजवलं तर त्यांनी आधी साखळी लावून फटीतून पाहिलं आणि विम्याचं नाव ऐकल्यावर मग आत घेतलं.

मास्तरांवर संशय घ्यायला कारण होतं. बॅटरी जिन्याखाली चार्ज करू नका, रात्री पेट घेईल, सगळे भाजून निघू, असं त्यांनी घरमालकाला दोनदा लेखी कळवलं होतं. सायकल गेल्याचा आनंद झालेला या घरात कोणी असेल तर ते मास्तर. काकांनी हे त्यांना आडपडदा न ठेवता विचारलं.

मास्तर चिडले नाहीत. ते खिडकीशी गेले आणि पाठमोरे राहूनच बोलले. त्या पहाटे दूध आणायला ते खाली निघाले होते. जिन्यातला दिवा गेलेला. पहिल्या मजल्यापर्यंत आले आणि खाली बोळात त्यांना उजेड दिसला. मसुरीच्या दाण्याएवढा, निळा. माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर तो हलत होता.

"टॉर्च असेल," काका म्हणाले.

"टॉर्चचा झोत पडतो. हा नुसता होता." मास्तरांनी मफलर घट्ट केला. "मग टक असा आवाज झाला. मग काहीतरी घरघरायला लागलं, लांबच्या पंख्यासारखं. आणि मग थोड्या वेळानं पुन्हा टक. मी माझ्या कानांवर पोट भरतो, साहेब. पहिला टक हलका होता, दुसरा जड. त्यानंतर बाहेरचं दार आपसूक लागल्याचा आवाज आला. मी पाहायला गेलो नाही. खालचा तो मुलगा गेला, तेव्हा मी त्याच्या बायकोला नीट भेटलोसुद्धा नव्हतो, आणि मला वाटलं, आता तो मला जाब विचारणार."

ते दूध न घेताच परत वर आले होते. दिवसभर शिकवणी घेतली नाही, कारण व्हायोलिनचा गज हातात ठरत नव्हता.

काका जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. निळा दिवा असलेली किल्ली नदीच्या तळाशी होती, आणि ती त्या पहाटे या बोळात जळत होती. 

पण दुसरा टक त्यांना त्याहून जास्त खात होता. सायकल चोरून नेणारा कुलूप बंद कशाला करेल?

४

समोरच्या रस्त्यावर सायकल मिस्त्रीचं दुकान होतं. त्याचा एक पाय लहानपणापासून आखूड, तोंड मात्र दोन माणसांचं. ही सायकल विकत मिळावी म्हणून त्यानं तेराव्याआधीच विचारलं होतं, आणि तेव्हापासून सूनबाई त्याच्या दुकानावरून जाताना मान वळवून जायची.

काकांनी हाच मुद्दा काढला, तेव्हा मिस्त्रीचं तोंड एकदम बंद झालं. हातातला पाना त्यानं खाली ठेवला. माझं चुकलंच, तो म्हणाला, आधाशीपणा केला. पण चोरायची म्हटली तरी ती एकट्यानं उचलत नाही. वासराएवढं वजन, त्यात पुढे ती भलीमोठी पेटी. आणि या कुलपाची नक्कल किल्ली करणारा अजून जन्मायचा आहे.

"मग तू काय पाहिलंस?" काकांनी विचारलं. त्यांनी तसा अंदाजानं खडा टाकला होता.

तो लागला. मिस्त्री खुर्चीत मागे रेलला आणि त्यानं दुकानाच्या दाराकडे बोट केलं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला कमरेएवढा कठडा होता, त्यापलीकडे पायवाट. पहाटे तो शटर वर करत होता. धुकं होतं. त्या कठड्यावरून त्याला हँडल दिसलं, पुढची पेटी दिसली, सीट दिसली. सायकल चालली होती. सीटवर कोणी नव्हतं.

"ढकलत असेल कोणी."

"ढकलणाऱ्याचं डोकं तर दिसेल? त्या बाजूला नुसतं धुकं होतं, काका. करडं धुकं. आणि मोटर घरघरत होती. पायडल मारल्याशिवाय ही मोटर चालत नाही."

"चालतीचं बटण असतं ना तिला? दाबलं की माणसाच्या चालीनं सोबत चालते."

"असतं. ते दाबायलाही बोट लागतं." मिस्त्रीनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "जुन्या लाँड्रीच्या गल्लीत वळली. मी हाक मारणार होतो. पण त्याचं नाव तोंडावर आलं आणि मी गप्प बसलो. मेलेल्या माणसाला हाक मारू नये म्हणतात."

सायकल कुठल्या अंगानं तुझ्याकडे होती, असं काकांनी विचारलं. साखळीच्या, तो म्हणाला. म्हणजे उजव्या. काकांनी मान डोलावली. चालतीचं बटण डाव्या मुठीपाशी असतं.

मग त्यांनी रस्ता ओलांडला, कठड्यापलीकडे गेले, आणि मिस्त्रीला ओरडून विचारलं, मी दिसतो का? पोटापासून वर पूर्ण दिसता, तो म्हणाला. काका वाकले. आणखी वाकले. नाक पेटीच्या उंचीला येईल इतके वाकले, तेव्हा पलीकडून मिस्त्रीचा आवाज आला, तो थोडा घाबरलेला होता.

"काका, कुठे गेलात?"

५

सासूबाई खिडकीशी बसून घड्या घालत होत्या. कोणाच्या कपड्यांच्या, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्यांची लाँड्री बंद होऊन वर्ष झालं होतं. पण हातांना सवय सुटत नव्हती. एकच चादर त्या घालत, उलगडत आणि पुन्हा घालत.

आयुष्यभर इस्त्रीच्या टेबलावर ओणवं राहून त्यांची कंबर तशीच राहिली होती. उभ्या राहिल्या की हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवता येईल, एवढ्याच दिसत. जीभ मात्र ताठ होती.

"या, कुलूपवाले," त्या म्हणाल्या. "पैसे द्यायला आलात की न द्यायची कारणं शोधायला?"

काका हसले आणि आपली पिशवी टेबलावर रिकामी केली. लोकांना बोलतं करायची त्यांची ही जुनी रीत होती. दोन-चार कुलपं मांडायची, त्यांच्या गोष्टी सांगायच्या. एक तसंच नालेसारखं कुलूप त्यांनी उघडून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, त्या पहाटे काही ऐकलंत का, मावशी?

काही नाही, त्या म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाचे कान. मुलाबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्या भरभरून बोलल्या. सायकल त्यानं घेतलीच मुळी आईच्या गाठोड्यांसाठी. पुढची पेटी त्यानं स्वतः बसवून घेतली. आई, तू ओझं वाहू नकोस, मी पोचवतो. पोचवायला निघाला की मध्येच गायब. कुठे तर नदीवर. लहानपणापासून असाच. पाणी दिसलं की पाय थांबायचे त्याचे.

"इस्पितळातून त्याचे कपडे कोणी आणले?"

"मी." घडीवरचा हात थांबला नाही. "सूनबाई तेव्हा उभी राहायच्या अवस्थेत नव्हती."

"रोज पुलावर जाते ती आता."

या वेळी हात थांबला. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. "गेल्या महिन्यात मी तिच्या मागे गेले होते," त्या म्हणाल्या. "कठड्याला धरून वाकली होती. अंधार पडेपर्यंत वाकत होती आणि उठत होती. मी हाक मारली नाही. माझ्या हाकेनं दचकून खाली गेली असती तर?"

त्यांनी चादर पुन्हा उलगडली. दारामागच्या खुंटीवर त्यांची करडी शाल लोंबत होती. लाँड्रीच्या जागेचं आता काय करता, असं काकांनी उठता उठता विचारलं. रोज जाऊन वारा देते, त्या म्हणाल्या.

काकांनी टेबलावरची कुलपं पिशवीत भरली आणि खाली आले. बोळात त्या रिकाम्या कड्यापाशी पोचले, तेव्हा त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी पिशवीत हात घातला.

उघडून ठेवलेलं कुलूप बंद झालेलं होतं. आणि ते काकांनी बंद केलं नव्हतं.

६

जुन्या लाँड्रीच्या दाराची काच आतून वर्तमानपत्रानं झाकलेली होती. एका कोपऱ्यात कागद फाटला होता. काकांनी तिथे डोळा लावला. आत इस्त्रीचं लांब टेबल, रिकाम्या हँगरांची रांग, आणि पाण्याच्या जाड नळाशी उभी असलेली हिरवी सायकल.

"काच पुसून देऊ का?" मागून आवाज आला.

सासूबाई शाल पांघरून उभ्या होत्या. धुक्यात ती शाल धुक्याचीच वाटत होती. त्यांनी निमूट दार उघडलं, आणि आत जाता जाता दाराचं उघडं कुलूप कोयंड्यात अडकवून टक करून दाबलं. मग स्वतःच त्या हाताकडे पाहिलं.

"याच्यावरून ओळखलंत होय?"

"चोर कुलूप फेकून देतो, नाहीतर उघडं टाकतो," काका म्हणाले. "बंद करून जागेवर ठेवत नाही."

सासूबाई स्टुलावर टेकल्या. दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट, त्या म्हणाल्या. दिवसा कुलूप उघडंच कोयंड्याला लटकवायच्या. एका भामट्यानं तिथे तसंच दिसणारं आपलं कुलूप टांगलं. संध्याकाळी त्यांनी तेच दाबून बंद केलं आणि घरी गेल्या. रात्री त्यानं आपल्याच किल्लीनं उघडून गिऱ्हाइकांचे कपडे धुऊन नेले. तेव्हापासून उघडं कुलूप म्हणजे चोराला आवतण, असं त्यांच्या हातांनीच शिकून घेतलं होतं. त्या पहाटेही सायकल बाहेर काढली आणि हात मागे गेला.

बाकीचं काकांनीच सांगितलं. मुलाच्या कपड्यांबरोबर दिव्याची किल्ली आली होती. ती त्यांनी ठेवून घेतली. सायकल उचलायची गरज नव्हती, कारण मुलानं आईला बटण दाखवलं होतं.

"म्हणायचा, आई, हे दाब, ती तुझ्याबरोबर चालेल." सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "गाठोडी घेऊन आम्ही तिघं यायचो. तो, मी आणि ही सायकल."

सायकल नेली तर सूनबाईचं पुलावर जाणं सुटेल, एवढंच त्यांना हवं होतं. एवढं लांब चालत ती जाणार नाही. मुलगा गेला, आता ही तरी राहू दे. तोंडानं सांगायचा धीर नव्हता. तू मरायला जातेस का, असं सुनेला कसं विचारायचं?

काका सायकलपाशी वाकले. दुकानाची जुनी साखळी फ्रेमच्या मधून घेऊन नळाला दोन वेढे दिले होते, आणि कुलूप बंद होतं. कंपनीच्या अटी या घरात किती मुरल्या होत्या, ते बघून त्यांना हसू येईना.

"मावशी, ती सोमवारी नोकरी सोडतेय," ते म्हणाले. "आपण कुलूप लावायला विसरलो आणि आपलं डोकं ठिकाणावर नाही, असं तिला वाटतंय. पहाटे झोपेत आपणच सायकल काढली की काय, असंही तिनं मला विचारलं."

 हँगरांची रांग वाऱ्यानं किंचित वाजत होती.

"म्हणजे मी तिला पुलावरून काढली आणि वेडात घातली," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "तिला इथे बोलवा. सांगायचं ते मीच सांगते. पण तुम्ही थांबा."

"आधी एक सांगा. ती किल्ली कपड्यांत कुठे होती?"

त्यांनी सांगितलं. आणि कुलूपकाकांना, एवढी वर्षं कुलपं पाहिलेल्या माणसाला, स्टूल ओढून खाली बसावं लागलं.

७

सून दारात आली आणि सायकल बघून तिथेच उभी राहिली. सासूबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वासही घेतला नाही. शेवटी कमरेच्या चंचीतून किल्ली काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. दाबली गेली असावी. तिचा निळा दिवा एकदा लागला आणि विझला.

सुनेनं सायकलकडे पाहिलं नाही, सासूकडेही नाही. ती किल्लीकडे बघत होती.

"ही नदीत पडली होती," ती म्हणाली.

"नाही ग."

"मग कुठे होती?"

"कोटाच्या आतल्या खिशात. मीच काढली. खिशाचं बटण लावलेलं होतं."

सुनेच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा काका बोलले, सावकाश, रुग्णाला औषध समजावून सांगावं तसे. हातात किल्ली असती तर तो वाकलेला होता, कुलूप लावत होता, असं मानता आलं असतं. पण किल्ली आतल्या खिशात होती. म्हणजे कुलूप लावून झालं होतं. त्यानं किल्ली काढून घेतली, कोट उघडला, ती आत ठेवली, बटण लावलं, कोट मिटला. मग तो सरळ उभा राहिला. त्यानंतर ट्रक आला. कुलपाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"मी रोज तिथे वाकून बघत होते," ती म्हणाली. "कुलूप लावताना ट्रकचे दिवे दिसतात का, ते. नाही दिसत. रोज बघितलं, रोज नाही दिसले."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. पुलावर वाकणारी, उठणारी सून त्यांना आता नीट दिसली असावी. त्या टेबलाला धरून तिच्यापर्यंत गेल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तो तुझ्या कुलपासाठी थांबला नव्हता. पाणी दिसलं म्हणून थांबला. थांबला म्हणून कुलूप लावलं. थांबायची खोड त्याला माझ्या घरची होती, आणि ती मला मोडता आली नाही, कारण ती मला आवडायची."

सून तेव्हा रडली. चार महिन्यांत ती रडली नव्हती, हे काकांना नंतर सासूबाईंकडून कळलं. काका हँगर मोजत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आणि ताई," रडणं ओसरल्यावर ते पाठमोरेच म्हणाले, "परवा तुम्ही कुलूप लावलं होतं. फ्रेममधून, कड्याला, अगदी नीट. रबरावर हिरवा रंग लागलाय, मी पाहिलाय. गॅसचं मला माहीत नाही. पण तुमच्या हाताबद्दल मी कुठेही सही करून द्यायला तयार आहे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय निघालं? सायकल सापडली, दावा मागे घेतलाय, काका म्हणाले. आणि सापडली तेव्हा ती आपल्या सगळ्या अटी पाळून लावलेली होती. साहेबांना यातलं काही कळलं नाही आणि काकांनी कळू दिलं नाही.

सायकल सापडली त्या संध्याकाळी मात्र ते दोघींना घरापर्यंत सोडायला गेले होते. सूनबाईनं बटण दाबलं आणि सायकल घरघरत तिच्या बाजूनं निघाली. पलीकडून सासूबाई, पेटीवर हात ठेवून. समोरच्या दुकानातून मिस्त्री बाहेर आला. त्याला कठड्यावरून सून दिसली, सासू दिसली नाही. पण घरघर त्यानं ओळखली आणि या वेळी हाक मारली.

काका बोळाच्या तोंडाशी थांबले. आत अंधार होता. गुडघ्याएवढ्या उंचीवर मसुरीच्या दाण्याएवढा निळा उजेड लागला, हलला. सुनेचा श्वास ऐकू येत होता. तिच्या मागे सासूबाईंचाही. वरच्या मजल्यावर व्हायोलिन वाजत होतं ते थांबलं, बहुधा मास्तर जिन्यात येऊन ऐकत होते. टक. कुलूप उघडलं. मग बराच वेळ काही नाही.

काका पाय न हलवता उभे राहिले. दुसरा टक ऐकू आला, जड आणि पक्का, आणि त्यानंतर ओढून पाहिल्याचा आवाज आला नाही. मग ते घरी निघाले.